साडेसहानंतरची चार मिनिटं

१

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्या घरात आबांचा आवाज गेला.

आवाज म्हणजे काळी पेटी. दोन वर्षांपूर्वी एका दुखण्यात आबांचं मानेखालचं सगळं शरीर थांबलं, जीभही थांबली. उरले ते डोळे. लॅपटॉपच्या पडद्याखाली हातभर लांबीची ती पेटी बसवली होती आणि ती आबांच्या बुबुळांवर नजर ठेवायची. आबा ज्या अक्षरावर नजर रोखतील ते अक्षर पडद्यावर उमटायचं. वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते सपाट, चढउतार नसलेल्या आवाजात बोलून दाखवायचा. त्याच आवाजात आबा सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे आणि मुलाच्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढायचे.

त्या दिवशी आबांची देखभाल करणाऱ्या सिस्टरने नेहमीप्रमाणे वायर जोडली, पण पेटीचा हिरवा दिवा लागला नाही. वायर काढून पुन्हा लावली. पेटीवर हलकी थाप मारून पाहिली. काही नाही.

एरवी कोणी म्हणालं असतं, बघू संध्याकाळी. पण अकरा वाजता चौकशी अधिकारी आबांचा जबाब घ्यायला येणार होते.

टाचणीबाई साडेआठला पोचल्या. हे नाव त्यांना लोकांनी दिलेलं. कोटाच्या कॉलरला सात-आठ टाचण्या कायम टोचलेल्या असायच्या, कारण यंत्रांची महत्त्वाची बटणं नेमकी टाचणीएवढ्या भोकांतच लपवलेली असतात, असं त्या सांगत. पूर्वी एका कारखान्यात अशाच यंत्रांचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटात कायमचे बसलेले छोटे प्रोग्राम, लिहायचं काम त्यांनी वीस वर्षं केलं होतं. आता दुरुस्तीचं दुकान होतं. मेलेलं यंत्र समोर आलं की त्यांना भूक लागायची. आताही त्यांनी दारातच विचारलं, "बिस्किट आहे का एखादं?"

सुनेने डबा पुढे केला. मुलगा मात्र उभ्या उभ्या धुमसत होता.

"बाई, हे आपोआप झालेलं नाही. हे कोणीतरी केलंय," तो म्हणाला. "आणि कुणाच्या पोटात दुखलं असणार तेही मला ठाऊक आहे."

"पोटाचं मागाहून बघू. आधी पेटीचं बघते," टाचणीबाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

२

खोली स्वच्छ आणि उजेडाची होती. खिडकीजवळ चाकाची खुर्ची, खुर्चीत आबा. पांढरे केस नीट विंचरलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. बाईंनी नमस्कार केला. आबांनी डोळे वर केले.

"वर पाहिलं म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही," सून म्हणाली. "पेटी नसली की एवढंच. आम्ही विचारलं त्यांना, रात्री कोणी आलं होतं का? नाही म्हणाले. कोणी पेटीला हात लावताना बघितलं का? तर डोळे मिटले ते उघडेचनात. मनाला लागलंय त्यांच्या."

टाचणीबाईंनी पेटी उचलून सगळ्या बाजूंनी पाहिली. चरा नाही, पोचा नाही. वीज आत जात होती, पण पेटी तिचं काही करत नव्हती. धडधाकट माणूस डोळे उघडे ठेवून बेशुद्ध असावा, तसं.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि त्याने स्वतःसाठी ठेवलेली नोंदवही वाचायला घेतली. बिस्किट हातातच राहिलं.

"काल पेटीचं फर्मवेअर बदललं कुणी?"

"कुणीच नाही," मुलगा ताडकन म्हणाला. "नवीन आवृत्ती आल्याचा निरोप महिनाभर रोज झळकतोय. मी रोज 'नंतर' दाबतो. चालत्या गाडीची खीळ कशाला काढा?"

"पण कोणीतरी काढली. चार वाजून सदतीस मिनिटांनी पासवर्डची चौकट उघडली. चार चाळीसला पासवर्ड बरोबर लागला. चार सेहेचाळीसला नवीन प्रत पेटीत पोचली."

"मग तेव्हाच मेली असणार!"

"नाही ना," सून म्हणाली. "सहा वाजता मी घरी आले तेव्हा आबा बोलत होते माझ्याशी. मला म्हणाले, 'चप्पल उलटी पडलीय.'"

टाचणीबाईंचे डोळे चमकले. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"बरोबर आहे तुमचं. ऐका. या पेटीच्या पोटात दोन खण आहेत. एका खणात चालू प्रोग्राम. लॅपटॉप चालू असताना, पेटी काम करत असताना, नवीन प्रत दुसऱ्या खणात भरतात. भरताना पेटी शिक्का तपासते, माल खऱ्या बनवणाऱ्याचाच आहे ना म्हणून. पण खण लगेच बदलत नाही. का? कारण त्या घडीला ती कुणाचे तरी डोळे वाचत असते, मध्येच कसं थांबणार? लॅपटॉपची वायर निघाली की तिला कळतं, आता मोकळीक आहे. मग ती खण बदलते. चार मिनिटं लागतात, तोवर पिवळा दिवा लुकलुकतो."

"आणि त्या चार मिनिटांत वीज गेली तर?" मुलाने विचारलं.

"तर ना इकडची, ना तिकडची," बाई म्हणाल्या. "वायर निघाल्याची वेळ इथे आहे. सहा चौतीस."

"ती मी काढते रोज," दारातून सिस्टर हळूच म्हणाली. पन्नाशीची, हडकुळी, नीटनेटकी बाई. "लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवते आणि आबांना गॅलरीत नेते. कालही तेच केलं."

टाचणीबाईंची नजर भिंतीकडे गेली. पेटीचा प्लग ज्या पट्टीत होता, तिच्या बटणावर मुलाच्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'बंद करू नये.' त्याच पट्टीवर एक विजेचं घड्याळ होतं. सकाळचे आठ पन्नास झाले असताना ते चौदा बारा दाखवत होतं.

"हे घड्याळ नेहमी चुकतं?"

"कधीच नाही," मुलगा म्हणाला. "वीज गेली तर मात्र शून्यापासून मोजायला लागतं."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. चौदा तास बारा मिनिटांपूर्वी म्हणजे काल सहा अडतीस. त्या क्षणी या पट्टीत वीज परत आली. म्हणजे त्याआधी ती गेलेली होती. घरातली वीज गेली होती का? नाही, सून त्या वेळी मिक्सर लावून बसली होती.

"म्हणजे सहा चौतीस ते अडतीस," टाचणीबाई स्वतःशीच म्हणाल्या, "कोणीतरी हे बटण बंद केलं. नेमकी तीच चार मिनिटं."

मग त्यांनी विचारलं, "आणि चार सदतीसला या खोलीत कोण होतं?"

मुलगा ऑफिसात होता. सून गाण्याच्या क्लासला. सिस्टर सव्वाचार ते पाच शेजारच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती, पावती होती तिच्याकडे. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"कोणीच नव्हतं," मुलगा म्हणाला आणि त्याचा आवाज उतरला. "बाई, खोलीत कोणीच नव्हतं."

३

आबांचा पुतण्या साडेनऊला आला, तो तणतणतच.

का बोलावलं ते त्याला माहीत होतं. तो ज्या कंपनीत नोकरी करत होता ती लिफ्ट बनवणारी कंपनी. बारा वर्षांपूर्वी तिचीच एक लिफ्ट चौथ्या मजल्यावरून सुटून खाली आदळली होती. सहा माणसं जखमी झाली, त्यातली एक बाई आजही कुबडी घेऊन चालते. दोष आला तिथल्या मेकॅनिकवर. त्याचा परवाना गेला, नोकरी गेली, अब्रू गेली. तो गेल्या वर्षी वारला. त्याच्या मुलीने चिकाटीने प्रकरण पुन्हा उघडायला लावलं. आणि त्या काळी लिफ्टचे तपासनीस असलेल्या आबांनी महिन्यापूर्वी, कोणी न विचारता, डोळ्यांनी अक्षर अक्षर जुळवत अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं होतं: 'मला सांगायचं आहे.'

"आबा एका पैला हात न लावलेले अधिकारी," मुलगा टाचणीबाईंना म्हणाला होता. "कंपनीने दोर निकृष्ट वापरला, हेच सांगणार ते. सगळ्या नात्यागोत्यात अभिमानाने सांगितलंय मी."

आता तो पुतण्याकडे बोट रोखून म्हणाला, "काल संध्याकाळी तू का आला होतास?"

"काकांना भेटायला! दर बुधवारी येतो, काल नवीन काय?"

"किती वाजता?" टाचणीबाईंनी मध्ये पडून विचारलं.

"साडेसहाच्या सुमाराला. सिस्टर काकांना गॅलरीत नेत होती. मी म्हटलं, जरा फोन चार्ज करून घेतो. या पट्टीत चार्जर खुपसला."

"बघा! बघा!" मुलगा ओरडला. "कबूल करतोय!"

"कसलं कबूल? फोन चार्ज होईना, म्हणून बघितलं, तर बटण बंद. मी चालू केलं. घड्याळ लुकलुकायला लागलं तेव्हा मलाच वाटलं, आता दादा चिडणार, वेळ लावायला हवी. पण मला लावता येईना, म्हणून तसंच सोडलं."

टाचणीबाईंनी हाताने मुलाला थांबवलं. बंद करणारा आणि चालू करणारा एकच असता, तर त्याने चालू केल्याची गोष्ट आपण होऊन कशाला सांगितली असती? घड्याळाबद्दल तर त्याला अजून कोणी विचारलंही नव्हतं. शिवाय पासवर्ड त्याला ठाऊक नव्हता आणि पावणेपाचला तो कामावर होता. कंपनीच्या फाटकावर येण्याजाण्याची नोंद होते, ती त्याने फोनवर काढून दाखवली.

"म्हणजे तुम्ही आलात तेव्हा बटण बंदच होतं," बाई म्हणाल्या. "आणि सहा चौतीसला चालू होतं, कारण तेव्हा पेटी जिवंत होती. मधल्या वेळात या खोलीत हात चालणारं माणूस एकच."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

सिस्टरने हातातली औषधाची वाटी टेबलावर ठेवली. "हो," ती म्हणाली. "बटण मी बंद केलं."

४

त्यानंतर दहा मिनिटं मुलगा एकटाच बोलत होता. दोन वर्षं घरच्यासारखं वागवलं, तिच्या मुलीच्या लग्नाला रजा दिली, घराच्या किल्ल्या दिल्या, आणि हे फळ? किती दिले कंपनीवाल्यांनी? त्याने शुश्रूषा संस्थेला फोन लावला. दुपारपर्यंत दुसरी बाई पाठवा, आणि हिला पुन्हा कुठे कामाला पाठवायच्या आधी माझ्याशी बोला. पोलिसांचंही मी बघतो.

"का केलंत, सिस्टर?" सुनेने रडवेल्या आवाजात विचारलं.

"ते नाही सांगणार, वहिनी."

"अहो, पण निदान..."

"नाही सांगणार." एवढं बोलून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. मूग गिळून बसणारी माणसं टाचणीबाईंनी पुष्कळ बघितली होती. त्यांचे खांदे आखडलेले असतात. हिचे तसे नव्हते. जड सामान दुसऱ्याचं असूनही आपणच उचलायचं ठरवलेल्या माणसासारखी ती उभी होती.

बाईंनी दुसरं बिस्किट घेतलं आणि लॅपटॉपपुढे बसल्या. इथे काहीतरी बसत नव्हतं.

पहिली गोष्ट. या असल्या पेट्या बनवताना इतकी काळजी घेतलेली असते की चुकून त्यांना मारणं कठीण. लॅपटॉपची बॅटरी कमी असली तर काम सुरूच होत नाही. शिक्का जुळला नाही तर प्रत आत येत नाही. प्रत अर्धवट आली तर जुन्या खणाला धक्का लागत नाही. सगळ्या गोष्टींत दुबळी जागा एकच, ती चार मिनिटं. आणि त्या जागेचा पत्ता कोण देतं? खुद्द पेटीची सूचना. ती त्यांनी शोधून पडद्यावर आणली.

'नवीन प्रत पोचली आहे. वायर काढल्यावर ती बसवली जाईल. पिवळा दिवा लुकलुकत असताना चार मिनिटं वीज बंद करू नका.' खाली एक बटण: 'समजलं'.

ज्याला पेटी जपायची आहे त्याच्यासाठी हा इशारा. ज्याला मारायची आहे त्याच्यासाठी हीच कृती.

ही सूचना एकदाच आली होती, चार सेहेचाळीसला. आणि कोणीतरी 'समजलं' दाबलं होतं. सिस्टर तेव्हा रांगेत. म्हणजे बटण बंद करणाऱ्या हाताला कारण ठाऊक नव्हतं, आणि कारण ठाऊक असलेल्या डोक्याने बटण बंद केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. पासवर्ड.

"किती अक्षरी आहे हो तुमचा पासवर्ड?" त्यांनी सुनेला विचारलं.

"दहा. आबांनीच ठरवलाय. टाइप करा म्हणाल तर आत्ता करते." तिने केला. तीन सेकंद लागली.

दहा अक्षरांना काल तीन मिनिटं लागली होती. चोर घाबरलेला असला तरी इतका हळू नसतो. टाचणीबाईंनी जरा वेळ त्या आकड्याकडे पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबांना एक वाक्य जुळवायला किती वेळ लागतो?"

"एका अक्षराला पंधरा-वीस सेकंद तरी. पुढे पुढे लॅपटॉपच शब्द सुचवतो, त्यांची सवय ओळखून. तेवढंच बरं."

टाचणीबाईंच्या हातातलं बिस्किट मोडलं.

बोलण्याचा कार्यक्रम त्यांनी उघडला. जुनी वाक्यं जिथे साठतात ती यादी कालच्या तारखेला कोरी होती. कोणीतरी पुसली होती. पण शब्द सुचवणारी स्मरणशक्ती वेगळीकडे राहते, हे पुसणाऱ्याला ठाऊक नसावं. बाईंनी एकच शब्द टाइप केला: 'वायर'.

खाली करड्या अक्षरांत सुचवणी आली: 'काढलीस'. ती घेतली. पुढे 'की'. मग 'पेटीचं'. मग 'बटण'. मग 'बंद'. मग 'कर'.

त्यांनी पूर्णविराम दिला. लॅपटॉपने नवीन वाक्याचा पहिला शब्द सुचवला: 'कुणाला'. आणि मग 'सांगू'. आणि मग 'नको'.

बाईंनी पडदा हळूच खाली केला. सकाळपासून आपण या घरातल्या झाडून सगळ्यांना प्रश्न विचारले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खोलीत कोणीच नव्हतं, असं सगळ्यांनी आबांच्या तोंडासमोर सांगितलं होतं. आणि आपणही, वीस वर्षं यंत्रांच्या पोटात शिरलेल्या शहाण्या, मान डोलावली होती.

"पंधरा मिनिटं मला खोली मोकळी द्या," त्या म्हणाल्या. "पेटीला आणि मला शांतता लागेल."

५

दार लागलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

टाचणीबाईंनी खुर्ची फिरवून घेतली आणि आबांच्या अगदी समोर बसल्या, डोळ्याला डोळा लागेल अशा.

"आबा, चुकलं माझं. सकाळीच तुम्हाला विचारायला हवं होतं. पेटी तुम्हीच मारलीत ना?"

आबांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग डोळे वर केले.

"सिस्टरला कारण ठाऊक नव्हतं."

डोळे मिटले.

"तुम्ही सांगितलं, तिने केलं."

डोळे वर.

बाईंना या क्षणी राग यायला हवा होता, पण त्यांना खरं म्हणजे कौतुक वाटत होतं. बोट हलवता न येणारा माणूस, त्याने महिनाभर निरोप झळकताना पाहिला, सगळी यंत्रणा समजून घेतली, एकटा असल्याची वेळ साधली आणि स्वतःच्याच आवाजाचा गळा दाबला, तोही असा की खुणा दुसऱ्यांच्या दाराकडे जाव्यात. की तसा विचार त्याने केलाच नव्हता?

"तुम्हाला आज बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं नको म्हणालात तर घरचे का म्हणून विचारतील. मेलेल्या पेटीला 'का' म्हणून कोण विचारतं? बरोबर?"

डोळे वर. कडेला पाणी जमलं होतं.

"का, ते मी विचारत नाही, ते तुमचं. आणि खरं सांगू? ही पेटी मी दहा मिनिटांत उठवू शकते. जुना खण शाबूत आहे, नवा भरलेला आहे, फक्त कुठला उघडायचा ते ती विसरलीय. पण मी बाहेर जाऊन सांगितलं, आठवडा लागेल, तर कोणी शंका घेणार नाही. अधिकारी परत जातील. कदाचित पुन्हा येणारही नाहीत."

आबांची नजर हलली नाही.

"फक्त एक गोष्ट, मघाशी तुमच्यासमोरच झाली ती. सिस्टरला काढलंय. संस्थेत नाव खराब केलंय, पोलिसांचीही भाषा चाललीय. तिने एक अक्षर सांगितलेलं नाही. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून. हात तिचा होता, त्यामुळे ती सुटायची नाही."

यावर जे झालं ते टाचणीबाईंना अपेक्षित नव्हतं. आबांचा चेहरा हलत नसे, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दोन वर्षांत त्यांना पुसताही आलं नसेल. बाईंनी आपला रुमाल काढला आणि पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"उठवू का पेटी?"

आबांनी डोळे मिटले. बाई थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ, चुकीची का होईना, मिनिटं मोजत राहिलं.

मग ते डोळे उघडले आणि वर गेले. छताकडे, थेट, जितके वर जाऊ शकतील तितके.

६

सगळ्यांना आत बोलावलं तेव्हा बाईंनी कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आता कोणी कशालाही हात लावायचा नाही. शिंकायचं असेल तर बाहेर."

लॅपटॉपला आधी चार्जर जोडला. पट्टीच्या बटणाशी पुतण्याला पहारेकरी म्हणून उभं केलं. कॉलरची सगळ्यात लांब टाचणी काढून पेटीच्या मागच्या भोकात घातली, आतलं बटण दाबून धरलं आणि प्लग लावला. पाच, सहा, सात. पेटीवर मंद लाल दिवा लागला.

"शुद्धीवर आली, पण अजून नाव सांगत नाही," बाई म्हणाल्या. लॅपटॉपवरून त्यांनी पेटीचा क्रमांक जुळवला, प्रतीचा शिक्का जुळवला आणि नवीन प्रत पुन्हा पाठवली. मग वायर काढली. पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

चार मिनिटं. एरवी एवढ्यात चहासुद्धा होत नाही. पण त्या खोलीत चार माणसं एका दिव्याकडे बघत उभी होती आणि पाचवं माणूस, भिंतीजवळची सिस्टर, आबांकडे बघत होती.

दिवा हिरवा झाला. मुलाने टाळी वाजवली, ती एकट्याचीच वाजली.

वायर जोडताच आबांची नजर पडद्यावर धावली. पहिलं वाक्य जुळायला दोन मिनिटं लागली.

"सिस्टरला मी सांगितलं होतं. तिची माफी मागा. आधी मी मागतो."

मुलगा आ वासून बघत राहिला. "तुम्ही? आबा, पण का?"

दारावरची बेल वाजली.

अधिकारी दहा मिनिटं लवकर आले होते. बरोबर एक पस्तिशीची बाई होती, साध्या कपड्यांतली, हातात जुनी फाइल. मेकॅनिकची मुलगी. ती बसली नाही.

जबाब पाऊण तास चालला, पण आबांची वाक्यं थोडकीच होती. ती त्या सपाट आवाजात एकामागून एक येत गेली.

"त्या दिवशी मी वर गेलो नाही. मोटरच्या खोलीला उभी शिडी होती. माझा गुडघा दुखत होता. मेकॅनिकने मला चिठ्ठी दिली. दोर झिजला आहे, लिफ्ट बंद ठेवा. मी चिठ्ठी खिशात ठेवली. आणि लिफ्ट ठीक आहे म्हणून सही केली. सतरा दिवसांनी ती पडली. चिठ्ठी मी जाळली. तो म्हणत होता, चिठ्ठी दिली. कोणी ऐकलं नाही. मी तिथेच बसलो होतो."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "हे आज का सांगताय?"

"काल सांगायचं नव्हतं. आज दुसरं माणूस माझ्या जागी उभं राहिलं. पुन्हा."

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता. नात्यागोत्यात त्याने काय काय सांगितलं होतं, ते त्याच्या पाठीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. शेवटी तो वळला तो आबांकडे नाही, सिस्टरकडे. "सिस्टर, मी जे बोललो..." त्याला पुढचं जमेना. ती म्हणाली, "संस्थेला फोन करा आधी." तो फोन घेऊन बाहेर गेला. तो आत येऊन वडिलांजवळ कधी बसेल, आज की महिन्याने, हे टाचणीबाईंना सांगता आलं नसतं. ते बघणं त्यांचं कामही नव्हतं.

अधिकाऱ्यांनी कागद गोळा केले. मेकॅनिकची मुलगी मात्र हलली नाही. टाचणीबाई दारात पिशवी भरत रेंगाळल्या. त्यांना जाववत नव्हतं.

ती मुलगी ओरडेल असं सगळ्यांना वाटत होतं. तिलाही वाटत असावं. बारा वर्षं तिने काय काय बोलायचं ठरवलं असेल. पण ती म्हणाली, "तुम्ही माझ्या वडिलांबरोबर अकरा वर्षं काम केलंत ना?"

"हो."

"त्या प्रकरणानंतर घरात कामाचा विषय निघाला की ते उठून जायचे. कामावर ते कसे होते, मला कोणीच सांगितलं नाही. कोणाला विचारू तेही कळेना."

आबांची नजर पडद्यावर गेली. थांबली. पुन्हा हलली. पुष्कळ वेळ गेला.

"दोर तपासताना त्याला कान लावायचा. डोळे मिटून. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, बोलतोय, ऐका."

मुलीने फाइल जमिनीवर ठेवली, स्टूल ओढून खुर्चीजवळ घेतलं आणि पडद्याच्या समोर, अक्षरं उमटताना दिसतील अशी बसली.

"मग?" ती म्हणाली. "सावकाश सांगा. सगळं सांगा."